खुळखुळणारी रायफल

अकरावीत असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये मी पहिल्यांदा खरी गोळी झाडली. पॉइंट टू-टू रायफल, २५ यार्डांवर कागदी टार्गेट, वाट्याला पाच गोळ्या. जमिनीवर पालथं पडून, श्वास अर्धा सोडून, उस्तादांनी शिकवलं होतं तसा हळूच ट्रिगर दाबला. कागद हातात आला तेव्हा मधल्या काळ्या गोलात एकही भोक नव्हतं. पाचही गोळ्या खाली डावीकडे, एका बिस्किटाएवढ्या जागेत. मी ओशाळून उभा. उस्तादांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "ग्रुप बढ़िया है, बेटा. बस ग़लत जगह पे है."

मला वाटलं, टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. नेमबाजीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बाहेरच्या माणसाला त्या एकच वाटतात. गोळ्या कुठे लागल्या, ही एक. आणि गोळ्या एकमेकींपासून किती लांब लागल्या, ही दुसरी. पहिली चूक साइटचा स्क्रू फिरवून दुरुस्त होते. दुसरी, म्हणजे गोळ्यांचा पसारा, कुठल्याच स्क्रूने कमी होत नाही. तो रायफलीच्या अंगातच असतो, काडतुसात असतो आणि अर्थात झाडणाऱ्याच्या हातात असतो. ग्रुपिंग म्हणतात ते हेच.

बीजीएमआय खेळणाऱ्यांना हे सांगायला थोडं अवघड जातं, कारण तिथे सगळं सोपं आहे. ड्रॉप उघडला, आत एमके१४ निघाली, तिला चीकपॅड लावला, कॉम्पेन्सेटर लावला, की बंदूक सुधारली. दोन सेकंदांचं काम. पण त्याच एमके१४ला एक आजी आहे, पणजी आहे. त्यांच्या गोळ्यांचा पसारा काही इंचांनी कमी करण्यासाठी अमेरिकेतल्या कारागिरांनी जवळपास ४० वर्षं कानस, रेझिन आणि गेज घेऊन घालवली. ती गोष्ट बंदुकीची आहे तितकीच लाकडाची आहे. आणि शेवटी ती आकड्यांची होते.

पणजीपासून सुरू करू. तिचं नाव एम१ गॅरंड. 'कॉल ऑफ ड्यूटी'मध्ये आठवी गोळी संपल्यावर जी 'टिंग' करून रिकामी क्लिप बाहेर फेकते, तीच. जॉन गॅरंड हा मूळचा कॅनडातल्या क्यूबेकमधला माणूस, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कामाला होता. १९३६ साली त्याची रायफल अमेरिकन सैन्याने स्वीकारली. तोवर जगातल्या बहुतेक सगळ्या सैन्यांतला शिपाई प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलत असे. गॅरंडच्या रायफलीत ते काम गोळीमागचा वायूच करतो. थोडासा वायू बॅरलमधल्या छिद्रातून बाहेर येतो, एक दांडा मागे रेटतो, रिकामं काडतूस उडतं आणि स्प्रिंग नवीन गोळी आत सारते. ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी, पुन्हा दाबला की पुन्हा एक. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एवढंच. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातली एसएलआर याच जातीची, तिच्या नावातच 'सेल्फ लोडिंग' आहे.

गॅरंडने नुसती रायफल नाही, ती बनवायची यंत्रंही आखली. यात खरी मेख आहे. स्प्रिंगफील्डचा कारखाना ज्या गोष्टीसाठी नावाजलेला होता ती म्हणजे अदलाबदल होऊ शकणारे सुटे भाग. हजार रायफली मोडून सगळे भाग एका ढिगात टाका, कुठलेही उचलून परत जोडा, रायफल चाललीच पाहिजे. युद्धात हे वरदान असतं. पण कुठलाही भाग कुठल्याही रायफलीत बसायचा असेल तर प्रत्येक सांध्यात किंचित फट ठेवावी लागते. आणि ती फट दुसऱ्या कारणासाठीही हवीच असते. वाळू जाते, चिखल जातो, तेल गोठतं. घट्ट बसवलेली रायफल चार कण वाळूने अडते. सैल रायफल खुळखुळते, पण चालते. हातात घेऊन हलवली की आवाज करणारी रायफल हा लढाईत दोष नसून गुण आहे.

अशा ५० लाखांहून जास्त गॅरंड बनल्या. गॅरंडने सगळे हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्याला १ लाख डॉलर द्यावेत असं एक विधेयक संसदेत आलं, ते मंजूर झालं नाही. पगारावरच राहिला बिचारा.

आता खुळखुळण्याची दुसरी बाजू. गोळी सुटते तेव्हा बॅरल सरळ, स्थिर नळीसारखी वागत नाही. ती थरथरते. तानपुऱ्याची तार छेडल्यावर जशी थरथरते तशीच, फक्त डोळ्याला दिसत नाही. थरथरायला हरकत नाही. प्रत्येक वेळी सारखीच थरथरली तर गोळी प्रत्येक वेळी एकाच जागी जाईल. पण तानपुरा वाजत असताना कुणी मध्येच तारेला बोट लावलं, कधी इथे, कधी तिथे, तर? लाकडी दस्त्यात सैल बसलेल्या रायफलीचं तेच होतं. लाकूड बॅरलला एका गोळीला इथे टेकतं, दुसऱ्या गोळीला तिथे. शिवाय वायूचा सिलिंडर बॅरलला लटकलेला, त्याच्यातून दांडा मागेपुढे धावतोय, वरचं लाकडी आवरण धातूच्या पट्ट्याने बांधलेलं. जुन्या बोल्टच्या रायफलीत गोळी सुटताना काहीच हलत नव्हतं. इथे सगळं घर हलतंय.

आणि लाकूड फुगतं. हे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुन्या चाळीतल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जूनमध्ये दार चौकटीत अडकतं, दिवाळीपर्यंत आपोआप मोकळं होतं. रायफलीचा दस्ता अक्रोडाचा असला म्हणून काय झालं, पावसाळा त्यालाही चुकत नाही. उन्हाळ्यात अचूक जमवलेली साइट पावसात चुकीची ठरते, आणि शिपाई स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसतो.

हे सगळं युद्धात फारसं कुणाला खटकलं नाही. बहुतेक गोळीबार २०० मीटरच्या आत होतो आणि तिथे चार इंच इकडेतिकडे झाल्याने फरक पडत नाही. ते खटकलं कॅम्प पेरीला.

ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावर कॅम्प पेरी नावाची छावणी आहे. १९०७ पासून तिथे अमेरिकेची राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरते. सरोवराचा वारा दर पाच मिनिटांनी दिशा बदलतो, आणि २००, ३०० आणि ६०० यार्डांवर हारीने टार्गेटं उभी. टार्गेटांच्या मागे खंदकात माणसं बसलेली असतात. ती टार्गेट खाली ओढतात, भोक शोधतात आणि पुन्हा वर सरकवून गुण दाखवतात. पूर्वी गोळी टार्गेटला लागलीच नाही तर खंदकातून एक लाल झेंडा डावीकडून उजवीकडे हलवला जाई. त्याला नेमबाज 'मॅगीज ड्रॉवर्स' म्हणत, म्हणजे मॅगीबाईंची चड्डी. शेकडो लोकांसमोर आपल्या टार्गेटवर मॅगीबाईंची चड्डी फडकणं काय असतं, याची कल्पना करा.

इथल्या सर्व्हिस रायफल स्पर्धेचा एक नियम सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. रायफल सैन्याचीच हवी आणि बाहेरून तशीच दिसली पाहिजे. २०१६ पर्यंत दुर्बीणही चालत नसे, चैनीचा दस्ता नाही. ट्रिगरला किमान साडेचार पौंड वजन उचलता आलं पाहिजे, म्हणजे फुंकर मारल्यावर सुटेल असा नाजूक ट्रिगर चालणार नाही. शिपायाच्या हातात असते तीच बंदूक. मात्र आत काय करायचं ते करा.

पूर्वीच्या बोल्ट रायफलीसाठी स्प्रिंगफील्डचा कारखाना मोजून-निवडून घेतलेल्या बॅरल लावून 'नॅशनल मॅच' नावाच्या खास रायफली बनवत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पाळी गॅरंडवर आली. आणि इथे मला सगळ्यात आवडणारा विरोधाभास सुरू होतो. ज्या कारखान्याने दीडशे वर्षं 'कुठलाही भाग कुठेही बसला पाहिजे' यासाठी घाम गाळला, त्याच कारखान्यातले निवडक कारागीर आता एका रायफलीचे भाग दुसऱ्या रायफलीत बसू नयेत अशी तजवीज करायला लागले. बॅरल निवडून घेतलेली. दांडा त्याच रायफलीसाठी ठाकूनठोकून बसवलेला. सिलिंडर हलणार नाही असा. साइटचे दाते अधिक बारीक. ट्रिगरच्या खाचा हाताने घासलेल्या. फटी एकेक करून बुजवायच्या, पण इतक्याही नाही की रायफल अडकून बसेल. कारण स्पर्धेत झपाट्याने गोळ्या झाडायचीही एक फेरी असते. साधारण एका मिनिटात दहा गोळ्या, मध्ये क्लिप बदलून. गॅरंडच्या क्लिपमध्ये आठच मावतात, म्हणून आधी दोन आणि मग आठ. त्यात रायफल अडली की संपलं.

सगळ्यात मोठा शत्रू लाकूडच होतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर तोडगा रुळला तो ग्लास बेडिंगचा. दाताचा डॉक्टर कॅप घालण्याआधी हिरडीत साचा घेतो ना, तसंच. दस्त्यात जिथे रायफलीचा धातूचा भाग टेकतो तिथलं लाकूड थोडं खरवडायचं, काचतंतू मिसळलेलं रेझिन भरायचं आणि त्यात धातू बसवून सुकू द्यायचं. सुकल्यावर त्या एकाच रायफलीचा, त्या एकाच दस्त्यातला, केसाचीही फट नसलेला साचा तयार होतो. लाकूड फुगो, आकसो, धातू जिथे होता तिथेच.

पण याची एक किंमत होती. असा दस्ता शिपायाने उघडायचा नाही. प्रत्येक वेळी धातू साच्यातून काढला आणि परत बसवला की साचा थोडा झिजतो, थोडा तुटतो, आणि पसारा पुन्हा वाढतो. भरतीच्या पहिल्या दिवसापासून ज्याला 'तुझी रायफल डोळे मिटून उघडता-जोडता आली पाहिजे' असं शिकवलं, त्यालाच आता सांगायचं की हिला हात लावू नकोस, काही झालं तर आर्मररकडे घेऊन ये. रायफल अधिक अचूक झाली तसतशी ती शिपायाच्या हातातून निसटून कारागिराची झाली.

हा सगळा छंद सरकारने पोसला त्यामागे शीतयुद्ध होतं. १९५०च्या दशकात आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये सोविएत नेमबाज पदकं लुटत होते. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सूचनेवरून जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंगला सैन्याचं खास नेमबाजी पथक उभं राहिलं. त्यांची स्वतःची कार्यशाळा होती, स्वतःचे आर्मरर होते. एका पिढीचं ज्ञान दुसऱ्या पिढीला तोंडी सांगितलं जाई, अगदी घराण्याच्या गायकीसारखं.

१९५७ साली गॅरंडची जागा एम१४ने घेतली. ही आपल्या गोष्टीतली आजी. तीच मूळ रचना, फक्त आठाच्या क्लिपऐवजी २० गोळ्यांचं मॅगझिन आणि नाटोचं नवं काडतूस. तिच्यात ऑटोमॅटिक फायरची सोय होती, पण त्यात ती इतकी उसळायची की बहुतेक रायफलींना ती कळ बंदच करून दिली जाई. जेमतेम १४ लाख बनल्यावर संरक्षणमंत्री मॅक्नमारांनी उत्पादन थांबवलं. व्हिएतनामच्या जंगलात हलकी एम१६ आली. १९६८ साली स्प्रिंगफील्डचा कारखानाही बंद झाला. कॅम्प पेरीच्या बाहेर एम१४चं आयुष्य संपल्यात जमा होतं.

मग मेकाँगचा त्रिभुज प्रदेश आला.

दक्षिण व्हिएतनामचा हा भाग म्हणजे भातखाचरं, कालवे, नारळाच्या रांगा आणि दाट लोकवस्ती. १९६८ मध्ये तिथे अमेरिकेची ९वी इन्फन्ट्री डिव्हिजन होती, नदीतला गाळ उपसून बनवलेल्या डोंग ताम नावाच्या तळावर. तिचा प्रमुख मेजर जनरल ज्युलियन यूएल. आकड्यांचा माणूस. किती गस्ती, किती चकमकी, किती मारले, आपला एक गेला तेव्हा त्यांचे किती गेले, सगळं तक्त्यावर. पुढे १९७४ साली त्याने आपला सहकारी आयरा हंट याच्यासोबत या पद्धतीवर पुस्तकच लिहिलं. या डिव्हिजनला स्नायपर हवे होते. उघड्या खाचरांवर लांबून नेम धरता येतो आणि हे काम एम१६च्या हलक्या गोळीने होण्यासारखं नव्हतं. फोर्ट बेनिंगच्या नेमबाजी पथकातली माणसं डोंग तामला आली, शाळा सुरू झाली, आणि त्यांच्यासोबत कॅम्प पेरीचं सगळं घराणं आलं. नॅशनल मॅच एम१४, ग्लास बेडिंग, स्पर्धेसाठी बनवलेली १७३ ग्रेनच्या गोळीची काडतुसं. मेकाँगच्या दमटपणाला टिकावं म्हणून दस्त्याच्या लाकडातच इपॉक्सी मुरवलेलं. रॉक आयलंडच्या कारखान्यात अशा १,४३५ रायफली तयार झाल्या. त्यांना एक्सएम२१ हे नाव मिळालं, नंतर नुसतंच एम२१. कसोटी होती ती अशी: ३०० यार्डांवर दहा गोळ्यांचा पसारा सरासरी सहा इंचांच्या आत. सेमी-ऑटोमॅटिक लष्करी रायफलीसाठी त्या काळी हे फार मोठं काम होतं. मी हे मनापासून म्हणतो. ज्यांनी ते केलं त्यांच्या हातात कला होती.

दुर्बिणीचीही गंमत ऐका. जेम्स लेदरवूड नावाच्या तरुण लेफ्टनंटने ती आखली होती. लांब अंतरावर गोळी खाली येते, म्हणून अंतर कळल्याशिवाय नेम लागत नाही. या दुर्बिणीत दोन खुणा होत्या. समोरच्या माणसाचा पट्टा एका खुणेवर आणि डोक्याचं टोक दुसऱ्या खुणेवर येईपर्यंत दुर्बिणीची रिंग फिरवायची. पट्ट्यापासून डोक्यापर्यंत ३० इंच धरलेले. रिंग फिरली की दुर्बीण आपोआप त्या अंतरासाठी कलते. बस, नेम धरा. कॅम्प पेरीला मोजमाप होतं टार्गेटच्या काळ्या गोलाचं. इथे मोजपट्टी माणूसच होता.

याच डिव्हिजनमध्ये एडेलबर्ट वॉल्ड्रन हा सार्जंट होता. वय ३५च्या पुढे, आधी १२ वर्षं नौदलात काढलेली, म्हणजे स्नायपरच्या मानाने म्हाताराच. १९६९ साली काही महिन्यांत त्याच्या नावावर १०९ बळींची नोंद झाली. व्हिएतनाम युद्धातला तो अमेरिकन सैन्याचा सर्वोच्च आकडा. दोन वेळा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. यूएल-हंट यांच्या पुस्तकात त्याचा एक किस्सा आहे, की नदीतल्या चालत्या बोटीवरून त्याने ९०० मीटरवरच्या नारळाच्या झाडावरचा शत्रूचा बंदूकधारी पाडला. असे किस्से सैन्यात वाढत जातात हे धरून चाललं, तरी माणूस अफाट नेमबाज होता याबद्दल वाद नाही.

या स्नायपरांचं बरंचसं काम रात्री चाले. चांदण्याचा उजेड हजारो पटींनी वाढवून दाखवणारी 'स्टारलाइट' दुर्बीण तेव्हा नवी होती. तिच्यातून खाचर हिरवं दिसतं, कालवा हिरवा, झाड हिरवं आणि माणूस जरा उजळ हिरवा. तो चालतोय एवढं कळतं. खांद्यावर बंदूक आहे की कावड, हे प्रत्येक वेळी कळेलच असं नाही.

डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात ९व्या डिव्हिजनने 'स्पीडी एक्स्प्रेस' नावाची मोहीम चालवली. तिच्या अखेरीस तक्त्यावर शत्रूचे जवळपास १०,९०० मृत्यू होते. जप्त केलेली शस्त्रं ७४८. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जवळपास १५ मेलेल्यांमागे एक बंदूक. लष्कराचं उत्तर होतं की बरेच गनिम निःशस्त्र असतात, बरेचजण रात्री किंवा हेलिकॉप्टरमधून मारले गेले, शस्त्रं चिखलात आणि कालव्यात बुडाली. १९७० साली डिव्हिजनमधल्या एका सार्जंटने लष्करप्रमुख वेस्टमोरलँड यांना नाव न घालता पत्र लिहिलं, की हे आकडे गावकऱ्यांचे आहेत आणि ते वाढवण्यासाठी वरून दबाव होता. त्या पत्राचं काही झालं नाही. १९७२ मध्ये केविन बकली या पत्रकाराने 'न्यूजवीक'मध्ये हे प्रकरण छापलं. लष्कराच्या महानिरीक्षकांनी मग आतल्या आत अंदाज काढला की मेलेल्यांत पाच ते सात हजार सामान्य नागरिक असावेत. तो कागद लोकांसमोर यायला कित्येक दशकं गेली.

इथे मला नीट बोललं पाहिजे. त्या मृत्यूंचा मोठा भाग तोफा, विमानं आणि हेलिकॉप्टर यांचा होता, स्नायपरांचा नाही. एक गोळी, एक माणूस, असं काम करणाऱ्याने हजारोंचे आकडे होत नाहीत. वॉल्ड्रनच्या १०९ पैकी कोण कोण होतं, यावर मी इथे खुर्चीत बसून निकाल देणार नाही. पण एकाच डिव्हिजनमध्ये, एकाच वर्षी, एकाच जनरलच्या हाताखाली दोन मोजमापं चालू होती हे नजरेआड करता येत नाही. एका खोलीत आर्मरर दहा गोळ्यांचा पसारा इंचाच्या दशांशात मोजत होता. दुसऱ्या खोलीत मेलेल्या माणसाला बंदूक होती का, हेही न बघता त्याला तक्त्यावर चढवलं जात होतं. शस्त्रांच्या इतिहासाची पुस्तकं एम२१बद्दल लिहितात तेव्हा पहिली खोली दाखवतात. युद्धविरोधी पुस्तकं दुसरी. मी दोन्ही प्रकारची वाचली, आणि दोन्हींत एकमेकांचा उल्लेख क्वचितच सापडतो. उस्तादांचं वाक्य मला इथे आठवलं.

बाकीची गोष्ट चटकन सांगण्यासारखी आहे. एम२१ची निगा राखणं म्हणजे डोकेदुखी होती, कारण बेडिंग पुन्हा पुन्हा करणारा कसबी आर्मरर प्रत्येक तुकडीत कुठून आणणार? १९८८ मध्ये सैन्य चक्क मागे वळलं आणि स्नायपरांच्या हाती बोल्टची एम२४ दिली. कॅम्प पेरीला मात्र एम१४चं राज्य चालूच होतं. ६०० यार्डांवरच्या वाऱ्यात एम१६ची चिमुकली गोळी टिकणार नाही, असं जुने खेळाडू छातीठोकपणे सांगत. तिला 'माऊस गन' म्हणून हिणवत.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर फोर्ट बेनिंगच्याच पथकाने त्यांना खोटं पाडलं. एम१६मध्ये मुळात साच्यात बसवायला लाकूडच नाही. धातूचे दोन भाग एकमेकांत बसतात, बॅरल एका नटने आवळली जाते. मग बॅरलभोवती एक पोकळ नळी बसवली, जी बॅरलला पुढे कुठेच टेकत नाही. तानपुऱ्याच्या तारेला लागणारं बोटच काढून टाकलं. ही नळी नेहमीच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली लपवली, म्हणजे बाहेरून रायफल नियमाप्रमाणे सैन्याचीच दिसते. जाड बॅरल घातली, तिच्या आतले पेच अधिक घट्ट ठेवले, लांब आणि जड गोळ्या वापरल्या. या गोळ्या वाऱ्याला कमी जुमानतात. सगळे भाग कारखान्यातून तयार मिळणारे, पाना फिरवता येणाऱ्या माणसाला जोडता येणारे. काही हंगामांतच एम१४वाले मागे पडले. आयुष्यभर रेझिन कालवणाऱ्या म्हाताऱ्या आर्मररांना काय वाटलं असेल? घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर क्वार्ट्झ घड्याळांचा स्टॉल लागावा, तसंच काहीतरी.

वॉल्ड्रन १९७० मध्येच सैन्यातून बाहेर पडला होता. काही काळ त्याने नेमबाजी शिकवली. पुस्तक लिहिलं नाही, फारसा बोललाही नाही. १९९५ मध्ये वारला.

त्यानंतर अफगाणिस्तान. डोंगरांतली अंतरं मोठी, छोट्या गोळीचा जोर कमी पडू लागला आणि कुणाला तरी गोदामात पडलेल्या जुन्या एम१४ आठवल्या. १९६०च्या दशकात बनलेल्या रायफली बाहेर आल्या. या वेळी कुणी रेझिन कालवलं नाही. लाकडाचा दस्ता काढून टाकला आणि सगळा धातू अ‍ॅल्युमिनियमच्या तयार सांगाड्यात स्क्रूने आवळला. नौदलाच्या कमांडोंसाठी केलेल्या या अवताराचं नाव एमके१४.

तीच आपल्या ड्रॉपमध्ये येते. काळी, धातूची, लाकडाचा तुकडाही नसलेली. बीजीएमआयमध्ये माणूस मेला की 'किल' म्हणत नाहीत, 'फिनिश' म्हणतात, आणि रक्त लाल नसतं. सेटिंग बदललं नसेल तर ते हिरवं दिसतं.